सोसायटी भरली का?

"सोसायटी भरली का?" हा प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात, पारावर बसून विचारला तर त्याचा अर्थ असा, की बाबा रे, पीककर्ज मार्चअखेर फेडलंस, की यंदाही थकबाकीत? तोच प्रश्न ठाण्यात लिफ्टच्या दारात विचारला तर अर्थ होतो मेंटेनन्स, आणि विचारणारा बहुधा खजिनदार असतो. शाळेच्या शिक्षकखोलीत विचारलात तर "सोसायटी भरत नाहीत हो, कापतात" असं उत्तर येतं, कारण तिथं ती पगारातून परस्परच जाते. आणि किराणा दुकानात जाऊन नुसतं 'सोसायटी' म्हटलं, तर दुकानदार मागे वळतो आणि चहाचा पुडा काढून काउंटरवर ठेवतो. चौघांत खरोखर भरलेली सोसायटी तेवढी ती एकच.

इंग्रजी शब्दकोशात या शब्दाचा पहिला अर्थ 'एकत्र राहणारी माणसं' या धर्तीचा असतो. मराठी माणसानं हा शब्द घेतला, त्यातली माणसं बाजूला काढली आणि पावती ठेवून घेतली. माणसांसाठी आपल्याकडे 'समाज' होताच. दोन्ही शब्दांची कामं आपण इतकी चोख वाटून दिली आहेत, की कधी गल्लत होत नाही. मुलगी परजातीत लग्न करते म्हटल्यावर "समाज काय म्हणेल?" असं म्हणतात, "सोसायटी काय म्हणेल?" असं कुणी म्हणत नाही. सोसायटी काय म्हणणार हे ठाऊकच असतं. हॉलचं भाडं आगाऊ भरा, म्हणेल. आपण ज्याला भितो तो समाज, आणि जिचं देणं लागतो ती सोसायटी.

मूळ शोधत गेलं की मात्र भलतंच निघतं. लॅटिनमध्ये 'सोसियस' म्हणजे सोबती. त्यावरून 'सोसिएतास', म्हणजे सोबत, भागीदारी. तीच फ्रेंचांच्या हातून इंग्रजांकडे गेली. भाषेचे जाणकार या सोसियसचं नातं आपल्या संस्कृत 'सखा'शी लावतात. सोबत असणं, मागोमाग जाणं, असा काहीसा अर्थ असलेला हा जुना धातू संस्कृतात 'सच्' या रूपानं आहे, आणि त्याच्यापासूनच 'सचिव' शब्द झाला. म्हणजे सोसायटी, सखा आणि सचिव ही एकाच घरातली भावंडं. मी हे आमच्या सचिवांना मोठ्या हौसेनं सांगितलं. ते जिन्यात उभे राहून ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवत होते. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान आहे. मग सख्याचं दोन महिन्यांचं राहिलंय, तेवढं टाकून द्या."

त्यांच्या दारावर दोन पाट्या आहेत, मराठी 'सचिव' आणि इंग्रजी 'सेक्रेटरी'. त्यातला सेक्रेटरी हा सिक्रेटच्या घराण्यातला, गुपितं सांभाळणारा. हिशेब मागायला गेलं की ते सेक्रेटरी असतात आणि वसुलीला येतात तेव्हा सचिव.

'समाज' शब्दाची जन्मकुंडली याहून मजेशीर आहे. सम् म्हणजे एकत्र आणि अज् म्हणजे हाकणं. एकत्र हाकलेला तो समाज. पाणिनीनं यासाठी वेगळं सूत्र केलं आहे आणि अमरकोशानंही तो भेद टिपला आहे, की जनावरांचा असेल तर 'समज' म्हणावं आणि इतरांचा असेल तर 'समाज'. गुरांचा कळप आणि माणसांचा मेळावा यांच्यात व्याकरणानं एका कान्याचं अंतर ठेवलं आहे. मराठीतला 'समज' हा शब्द वेगळा, अकलेच्या बाजूचा, पण सभेत कुणी "समज कमी आहे" म्हणून उठलं की मला उगाचच पाणिनी आठवतो.

सम्राट अशोकालाही समाजाचा त्रास झाला होता. त्याच्या पहिल्याच मोठ्या शिलालेखात, गिरनारच्या खडकावर, समाज भरवू नयेत अशी आज्ञा आहे. राजाला समाजात पुष्कळ दोष दिसतात, असं कारणही दिलं आहे. तेव्हा समाज म्हणजे मेळावा, उत्सव, खाणंपिणं. आणि लगेच पुढं असं, की काही समाज मात्र राजाला चांगले वाटतात. मला हे वाचून आमचा नोटीसबोर्डच आठवला. 'गच्चीवर कोणीही कार्यक्रम करू नयेत. (कमिटीने मान्यता दिलेले वगळून.)' सव्वादोन हजार वर्षांत मसुद्यात काही सुधारणा झालेली नाही, फक्त आपल्याकडचा कागद दोन पावसात गळून पडतो.

इंग्रज मुंबईत स्थिरावला तशा त्यानं सोसायट्या काढायला सुरुवात केली. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे काढली, तीच पुढं एशियाटिक सोसायटी झाली. आजही टाउन हॉलच्या त्या पायऱ्या चढणारे दोन प्रकारचे लोक दिसतात, पुस्तकं वाचायला जाणारे आणि फोटो काढायला बसणारे. दुसरे जास्त असतात. १८२२ साली शाळा आणि शाळांची पुस्तकं यांसाठी आणखी एक सोसायटी निघाली आणि तिचं मराठी नाव ठेवायची वेळ आली. तिला 'मुंबईची हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी' म्हटलं गेलं. सोसायटीला इतका गोड मराठी शब्द त्याआधी आणि त्यानंतर सापडलेला नाही. पण 'मंडळी' या शब्दावर आधीच दुसऱ्या कुणाचा ताबा होता. बायकोचं नाव घ्यायचं नसे, तेव्हा 'आमची मंडळी' म्हणायची रीत होती. मंडळी रागावली आहे म्हटलं की घर रागावलं आहे की शाळापुस्तक, एवढा एक घोटाळा व्हायची सोय त्यात राहून गेली.

मग सभा आल्या. १८४९ साली दादोबा पांडुरंग वगैरेंनी परमहंस सभा काढली. ती गुप्त होती. जातिभेद मोडायचा, पण दार लावून. १८६० च्या सुमाराला तिची कागदपत्रं चोरीला गेली, सभासद कोण ते उघड होणार म्हणून घबराट झाली आणि सभा मोडली. सभासदांची नोंदवही ही किती जपून ठेवायची चीज आहे, हे तेव्हापासून प्रत्येक सचिवाला माहीत आहे. तो ती कुणाला दाखवत नाही. ज्यांनी दार उघडं ठेवून काम करायचं ठरवलं त्यांनी मात्र 'समाज' हा शब्द घेतला. १८६७ चा प्रार्थना समाज, १८७३ चा जोतीरावांचा सत्यशोधक समाज, १८७५ साली मुंबईतच स्थापन झालेला आर्य समाज. समाज बदलायला निघालेल्यांनी आपल्या संस्थेलाच समाज म्हणावं, यात धाडस होतं. मूळ समाजाला ते आवडलं नाही, पण त्याला विचारलंच कुणी नव्हतं.

शिक्षणवाल्यांनी 'सोसायटी' हा शब्द तसाच ठेवला. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. राष्ट्रीय बाण्याच्या तरुणांनी काढलेल्या संस्थेचं नाव इंग्रजी. आणि सहा वर्षांत, म्हणजे १८९० साली, मराठी माणसाच्या सोसायटीतला पहिला मोठा राजीनामाही आला, तो लोकमान्य टिळकांचा. आजीव सदस्यांनी बाहेरून कमाई करावी की नाही, ती संस्थेला द्यावी की नाही, पगारवाढ घ्यावी की नाही, असे वाद होते, आणि टिळकांनी ते सविस्तर कारणांसह कागदावर मांडून राजीनामा दिला. हल्ली राजीनामे रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ओळीत दिले जातात आणि सकाळी दूध यायच्या आत मागे घेतले जातात. टिळकांनी दिलेला परत घेतला नाही, हाही फरक आहेच. पुढं १९०५ साली गोखल्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली. तिला मराठीत 'भारत सेवक समाज' म्हणू लागले आणि सोसायटी व समाज हे दोघे एकदा तरी एका पाटीवर आले. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी सिद्धार्थ कॉलेज उभं केलं. या सगळ्या सोसायट्यांत माणसं द्यायला येत होती, घ्यायला नाही.

घेणं-देणं आलं ते दुसऱ्या दारानं, आणि ते दार पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उघडतं. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. रागाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जाची खतं बाहेर काढून जाळायची, एवढाच बऱ्याच ठिकाणचा कार्यक्रम. हे लोण पुणे-नगर भागात पसरलं, सरकारनं आयोग नेमला, १८७९ साली कायदा केला. पण सावकाराचा कागद जाळला तरी पेरणीला पैसा लागतोच, तो कुठून आणायचा? युरोपात जर्मन खेड्यांतल्या पतपेढ्या चालताना साहेबानं पाहिल्या होत्या. इंग्लंडात रोचडेल गावी २८ जणांनी १८४४ साली लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या असा किरकोळ माल मांडून दुकान काढलं होतं आणि ते चाललं होतं. त्या धर्तीवर १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी पहिली शेतकरी पतसोसायटी निघाली.

या सुरुवातीच्या खेड्यांतल्या सोसायट्यांमध्ये एक जबरदस्त कलम असे, अमर्यादित जबाबदारीचं. शेजाऱ्यानं कर्ज बुडवलं तर ते तुमच्या दारात येणार. याच्याइतकी शेजाऱ्याविषयी आस्था निर्माण करणारी योजना नंतर कुठल्याही संतानं किंवा सरकारनं काढलेली नाही. त्याच्या बैलाला ताप आला तरी तुम्हाला झोप लागणार नाही. पुढं संस्था 'मर्यादित' झाल्या आणि ही आस्थाही मर्यादित झाली.

गावच्या सोसायटीचं आजचं पूर्ण नाव 'विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी' असं असतं. विविध, कार्यकारी, सेवा, सहकारी हे चार शब्द मराठी, आणि शेवटी सोसायटी. सोयीची आद्याक्षरं जुळवून तिला 'विकास' म्हणतात. शासनाच्या कारभारात इतक्या काटकसरीनं झालेला विकास दुसरा माझ्या पाहण्यात नाही. इथं मार्च महिन्यात 'नवं-जुनं' नावाचा सोहळा होतो. तो शहरातल्या वाचकाला समजावून सांगितला पाहिजे. ३१ मार्चच्या आत जुनं कर्ज भरलं तर व्याजात सवलत मिळते आणि नवं कर्ज मिळतं. भरायला पैसे नसतात. मग मेव्हण्याकडून, दूध डेअरीवाल्याकडून, नाहीतर गावातल्याच एखाद्या चालत्या-बोलत्या बँकेकडून चार दिवसांसाठी हातउसने घ्यायचे. ते गटसचिवासमोर ठेवायचे. गटसचिव चष्मा कपाळावर चढवून नोटा मोजतो, थुंकी लावून पान उलटतो, जुनं खातं बेबाक करतो आणि नवं मंजूर करतो. आठ-पंधरा दिवसांत नवी रक्कम खात्यावर येते, ती घेऊन मेव्हण्याला द्यायची. शेतकऱ्याच्या हातात राहते ती पावती, आणि मेव्हणा दरवर्षी ३१ मार्चच्या आधी गावाला का जातो हे बहिणीला कळत नाही.

पण गावच्या सोसायटीची खरी कमाई वेगळीच असते, ती म्हणजे चेअरमनपद. शहरात माजी चेअरमनला कुणी ओळखत नाही, ओळखलंच तर त्याच्या काळातल्या गळतीवरून ओळखतात. गावात एकदा चेअरमन झालेला माणूस आयुष्यभर 'चेअरमन'च राहतो. त्याची बायको चेअरमनीणबाई, त्याचा गोठा चेअरमनचा गोठा. आणि जिल्हा बँकेच्या निवडणुकीआधी, सोसायटीतर्फे मत कुणी द्यायचं याचा ठराव ज्याच्या नावानं झाला, त्या माणसाचा मान काय सांगावा! एरवी ज्याला एसटीत खिडकी मिळत नाही, त्याला अचानक गाडी येते आणि तो देवदर्शनाला जातो. बालाजी करून येतो, कधी गोवा करून येतो, आणि मतदानाच्या दिवशी ताजातवाना परततो. सोसियस म्हणजे सोबती, हा लॅटिन अर्थ या सहलीत काय तो पुरेपूर उतरतो.

नोकरदारांची सोसायटी ही तिसरी जात. कागदोपत्री ती पगारदार नोकरांची पतसंस्था, बोलताना सोसायटी. "हातात किती येतात?" या प्रश्नाचं उत्तर "सोसायटी जाऊन…" असंच सुरू होतं. हिच्या कर्जावर महाराष्ट्रातल्या किती मुलींची लग्नं आणि किती घरांचे स्लॅब झाले असतील याची मोजदाद नाही. कर्जाला दोन जामीनदार लागतात, आणि कचेरीतल्या मैत्रीचा निवाडा तिथंच होतो. वीस वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस जामिनाचा फॉर्म दिसताच "बायकोला विचारतो" म्हणतो. तो आजवर बायकोला काही विचारत नसतो. या सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद कुणी उघडत नाही, सभासदांना काय भेटवस्तू मिळणार यावर मात्र दोन-दोन तास चर्चा होते. एका वर्षी स्टीलचा डबा दिला तर जाड पत्र्याचा की पातळ, हे पाहायला तीन-चार जण झाकण नखानं वाजवून बघतात. हिशेब तपासण्याची ती आपली पद्धत.

या दोन सोसायट्या आणि राहायची सोसायटी यांचा दुवा एका माणसात आहे, हे मला फार आवडतं. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. त्यांनी १९०६ साली मुंबईत शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था सुरू केली. १९१२ च्या कायद्यानं कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची मुभा मिळाली, आणि १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. ती देशातली पहिली मानतात. आधी कर्ज, मग घर, हा मध्यमवर्गाचा क्रम तालमकींनी तेव्हाच घालून दिला. उद्देश मोठा होता. घरमालकाच्या तावडीतून सुटायचं आणि आपण सगळ्यांनी मिळून मालक व्हायचं. ते साधलंही. पूर्वी एकच घरमालक कटकट करायचा, आता प्रत्येक मजल्यावर चार.

वांद्र्याला लेखकांनी मिळून 'साहित्य सहवास' ही सोसायटी काढली. तिथं विंदा करंदीकर राहिले, कवी रमेश तेंडुलकर राहिले, त्यांचा धाकटा मुलगा त्याच आवारात बॅट घेऊन वाढला. इमारतींची नावंसुद्धा साहित्यातून घेतलेली. सोसायटीला 'सहवास' म्हणणं हे कवींनाच सुचणार. पण लेखक झाले म्हणून त्यांच्या टाकीला पाणी काही आपोआप येत नसणार.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. कायद्याच्या मराठीत सोसायटी नाही, 'संस्था' आहे, म्हणून दारावरच्या पाटीवर 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' असं असतं. घराची किंमत दीड कोटी असली तरी जुन्या सोसायटीतलं मालकीचं कागदपत्र म्हणजे बहुधा ५० रुपयांचे ५ भाग, एकूण २५० रुपयांचा दाखला. हा दाखला लोक लॉकरमध्ये ठेवतात. लॉकरचं वर्षाचं भाडं त्याहून जास्त असतं. थकबाकीवर सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावू शकते. घर भाड्यानं दिलं तर सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के बिनभोगवटा शुल्क घेता येतं. सुप्याच्या सावकारानं हे वाचलं असतं तर त्याला आपला जन्मकाळ चुकल्यासारखं वाटलं असतं. "जी सोसायची ती सोसायटी" हा विनोद या मुद्द्यावर कुणीतरी करतोच. तो आमच्याकडे दरवर्षी होतो आणि दरवर्षी तेच दोघे हसतात.

ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर १९८७ साली एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या, की समाज असं काही नसतंच, असतात ती माणसं आणि त्यांची कुटुंबं. त्यावर तिकडं अजून वाद चालतो. बाईंनी कधी फ्लॅट विकताना सोसायटीची एनओसी मागितली नसणार. सोसायटी असते, आणि ती आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते आठ असते.

या सोसायटीची स्वतःची अशी भाषा आहे. तिच्यात 'मी' आणि 'तू' नाहीत, 'काही सभासद' आहेत. 'काही सभासद गॅलरीतून खाली पाणी टाकतात असे निदर्शनास आले आहे.' तो काही सभासद एकच असतो, चौथ्या मजल्यावर राहतो, त्याच्या कुंड्या सगळ्यांना माहीत असतात, आणि तो स्वतः नोटीस वाचून "लोकांना अजिबात शिस्त नाही" असं म्हणून वर जातो. गळतीचं तर शास्त्रच वेगळं. वरच्याचं म्हणणं पाइप सोसायटीचा आहे, सोसायटीचं म्हणणं पाइप वरच्याचा आहे, आणि खालचा छत्री घेऊन न्हाणीघरात जातो. पार्किंगबद्दल मी काही लिहिणार नाही, मला याच इमारतीत राहायचं आहे.

आणि मग येते वार्षिक सर्वसाधारण सभा. आदर्श उपविधींप्रमाणे ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, चौदा दिवस आधी नोटीस लावायची, आणि गणसंख्या म्हणजे एकूण सभासदांचे दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला जो आकडा कमी तो. सभा सकाळी दहाला असते. दहा वाजता स्टिल्टमध्ये मांडलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सात जण असतात, त्यातले पाच कमिटीचे. सचिव घड्याळ पाहतात आणि जाहीर करतात, की गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब. मग काय करायचं? बसायचं. तेच सात जण, त्याच खुर्च्यांवर, तहकूब होऊन बसतात. एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, कारण सभा चालू नसते. साडेदहाला तीच सभा, त्याच ठिकाणी, गणसंख्येची अट न लागता कायदेशीरपणे सुरू होते. ही अर्ध्या तासाची युक्ती ज्याला सुचली त्याला मराठी माणसाची नस सापडली होती. त्याच सुमाराला एकेक करून बाकीचेही उतरतात. पावणेअकराला बटाटेवडे येतात आणि गणसंख्या पूर्ण होते.

मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, हा पहिला विषय. सचिव एका सुरात वाचतात. मागच्या सभेत मागच्याच्या मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केल्याचं त्यात असतं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका हरकत घेतात, की मी 'विरोध' म्हटलं नव्हतं, 'तीव्र विरोध' म्हटलं होतं. दुरुस्ती होते. हिशेब मंजूर होतो. ऑडिटर नेमला जातो, तोच. रंगकाम, टाकी, लिफ्टचं कंत्राट, कॅमेरे हे विषय वड्यांच्या ओघात सरतात. मग 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' सुरू होतात, आणि खरी सभा तिथून. १९९८ साली कुणी कुणाच्या लग्नाला बोलावलं नव्हतं, कुणाच्या मुलानं कुणाच्या स्कूटरची हवा सोडली होती, तळमजल्यावरच्या तुळशीला कुणी घाव घातला, हे सगळं ऐनवेळी येतं. एक सभासद एक मत, हे सहकाराचं तत्त्व. आमच्याकडे एका सभासदाला चार-चार मतं असतात आणि तो सगळी मांडतो. दीड वाजता कुणाच्या तरी घरातून कुकरच्या शिट्ट्या येतात आणि आभार मानले जातात. कमिटीत यायला कुणी तयार नसतं, म्हणून जुनीच कमिटी टाळ्या वाजवून कायम होते. त्यातले सचिव नको नको म्हणतात. ते दरवर्षी म्हणतात.

आणि तरीही त्याच माणसानं महापुराच्या रात्री कमरेएवढ्या पाण्यात उतरून मीटरबॉक्सचा मेन बंद केलेला असतो, कुणाच्या आईला अटॅक आला तर लिफ्ट अडवून धरलेली असते आणि रुग्णवाहिकेला जागा व्हावी म्हणून अकरा गाड्यांच्या मालकांना उठवलेलं असतं. यासाठी त्याला काही मिळत नाही, आणि बदल्यात हिशेबात चारशे रुपये कुठं गेले हे त्याला विचारलं जातं. चारशे रुपये बहुतेक वेळा स्टार्टरचे असतात.

तर सप्टेंबर आला की तुमच्याही फलकावर नोटीस लागेल. वाचा. सभेच्या दिवशी सकाळी खाली उतरा, साडेदहाला नाही, दहालाच उतरा, म्हणजे तिथल्या सात जणांचे आठ होतील. येताना मागचं इतिवृत्त वाचून या, राहिलेले दोन महिने भरून या, आणि गाडी आपल्याच रेघेत लावून या.